आडात नाही, मग पोहऱ्यात?

‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आमच्या सुशिक्षित घरांत हल्ली फार सोयीची झाली आहे. मोलकरणीने मुलाच्या पुस्तकांसाठी उचल मागितली, गावाकडील भाच्यास शिक्षणासाठी घरी ठेवून घेण्याचा प्रश्न निघाला, की ही म्हण पुढे करावयाची आणि हलकेच दार लोटून घ्यावयाचे! घराचे हप्ते, मुलांची फी, वडिलांचे औषधपाणी हे सारे खरे आहे. ते आम्हांसही चुकलेले नाही. परंतु ‘आधी आमचे पुरेसे होऊ द्या, मग देऊ’ हा जो सिद्धान्त त्यातून काढला जातो, तो आमच्या मते साफ खोटा आहे. पुरेसे होण्याचा दिवस पंचांगात नाही. पगार वाढला की गरजा त्याच्यापुढे दोन पावले असतात, हा अनुभव कोणास नाही?

आम्ही मूळचे जालना जिल्ह्यातील तीर्थपुरीचे. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या भागातील मोसंबीच्या बागा जागच्या जागी वाळल्या आणि पोटच्या पोरासारख्या वाढविलेल्या झाडांवर लोकांनी स्वतःच्या हाताने कुऱ्हाड चालविली. त्या साली ही म्हण अक्षरशः खरी झाली होती. आडात खरोखरच नव्हते. तरीही टँकर येऊन गेल्यावर, जिला रांगेत उभे राहवत नाही अशा म्हातारीच्या उंबऱ्यावर एक कळशी ठेवून जाणारी घरे आम्ही पाहिली. आणि ज्यांच्या बोअरला पाणी टिकून होते, त्यांपैकी काहींच्या फाटकांस लागलेली कुलुपेही पाहिली. तेव्हापासून आमचे मत असे झाले की, दोष बहुधा आडाचा नसतो. पोहरा सोडणाऱ्या हाताचा असतो.

आम्ही ख्रिस्ती घरात वाढलो. लहानपणी ऐकलेल्या शास्त्रातील कथांपैकी एक या प्रसंगी हटकून आठवते. एलीया संदेष्ट्याच्या काळी पाऊस पडेनासा झाला. ज्या ओहोळाचे पाणी पिऊन तो राहत होता, तो ओहोळही आटला. मग तो परक्या मुलखातील सारफथ गावी गेला आणि वेशीपाशी काटक्या वेचणाऱ्या एका विधवेजवळ त्याने पाणी व भाकर मागितली. तिच्याजवळ मूठभर पीठ आणि थोडे तेल एवढेच होते. त्याची भाकर करून मायलेकांनी खावी आणि मग मरणाची वाट पाहावी, असा तिचा बेत. अशा बाईस ‘आधी मला दे’ म्हणणे हा निर्दयपणा नव्हे काय, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप वाजवी आहे. परंतु मागणारा भरल्या पोटी उपदेश करीत नव्हता. तोही तितकाच भुकेला होता आणि पुढे त्याच घरी राहून त्याच मडक्यातील खाल्ले. पुढे मडके रिकामे झाले नाही, हा श्रद्धेचा भाग; तो ज्याने त्याने मानावा. आमचा मुद्दा त्याच्या अलीकडचा आहे. त्या बाईने पहिली भाकर थापली, तेव्हा मडक्यात मूठभरच पीठ होते.

ही जुनी गोष्ट झाली, असे म्हणून सुटता येणार नाही. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४ साली उपासमारीने गेले. पाठोपाठ थोरली बहीणही गेली. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील मुलींची दैना ऐकून त्या तेथे गेल्या. त्या वेळी शारदासदनास अमेरिकेतील मंडळाने दिलेले दहा वर्षांच्या मदतीचे वचन संपत आले होते. ‘तूर्त आमचेच भागत नाही’ असे म्हणण्याचा अधिकार त्यांच्याइतका कोणास होता? तरी त्यांनी शेकडो मुली आणल्या. पुण्यात प्लेगमुळे त्यांस ठेवता येईना, तेव्हा शाळेस उत्पन्न व्हावे म्हणून केडगावी फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. बाईंस परदेशातून पैसा येई, असे नाक मुरडून सांगणारे आजही भेटतात. पैसा आला हे खरे. परंतु मुली आधी आल्या.

एक आक्षेप मात्र आम्ही नम्रपणे मान्य करतो. थोड्यातले थोडे देताना ते कोणाच्या ताटातून जाते? लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत, त्यांस ठाऊक आहे की, रेव्हरंड टिळकांच्या उदारपणाचा ताण चुलीपाशी पडत असे. यजमानाने पाहुण्यास आग्रह करावा आणि गृहिणीने मागाहून भांडी खरवडून जेवावे, हे वाटून घेणे नव्हे. हे दुसऱ्याच्या वाट्याचे दान करून पुण्य आपल्या नावे लिहिणे होय. म्हणून आमचे म्हणणे असे : देणाऱ्याने प्रथम आपले ताट पुढे करावे. वडिलांनी आपल्या चैनीतून द्यावे, आईच्या औषधातून नव्हे. आणि किती द्यावे, हे सर्वांनी बसून ठरवावे.

वाचकहो, भाचा गावाकडे वाट पाहत आहे, मोलकरीण दाराशी उभी आहे. पुढील वेतनवाढीची वाट तिने का पाहावी? आड किती खोल आहे याचा वाद पुढे घालू. आधी पोहरा तर सोडू या.