ग्रामपंचायतीच्या टीव्हीचा लिलाव

मोहोळ तालुक्यातल्या एका गावची गोष्ट. ग्रामपंचायतीची नवी इमारत व्हायची म्हणून जुन्या खोल्या रिकाम्या करायला घेतल्या होत्या. डेडस्टॉक रजिस्टरला नोंद असलेलं सामान एकेक करून बाहेर निघालं. मोडक्या खुर्च्या, फाटकी सतरंजी, एक गॅसबत्ती आणि लाकडी कपाटात बंद असलेला काळा-पांढरा टीव्ही. कपाटाला दोन झडपा, झडपांना कडी, कडीला कुलूप. किल्ली कुणाकडंच नाही. ग्रामसेवक (२०२४ पासून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात भाऊसाहेबच चालतं) म्हणाले, ग्रामसभेत ठराव घेऊ, निर्लेखन करू आणि भंगारात लिलाव काढू. पाच मिनिटांचं काम. पण ग्रामसभेत पाणीपट्टीचा विषय बाजूला राहिला आणि या टीव्हीवरच तासभर वाद रंगला.

एक म्हातारे गृहस्थ उठले. "त्या डब्यानं आम्हाला शेती दाखवली. आता घरोघरी भिंतीएवढे पडदे लागलेत, त्यावर काय दाखवतात ते सांगा." मागं बसलेल्या पोरांतला एकजण लगेच बोलला, "आबा, तवा दुसरं काही नव्हतं म्हणून तुम्हाला ते गोड लागत होतं. आता मला तेलकट डागाची माहिती पाहिजे तर मी टीव्हीपुढं बसत नाही, मोबाईल काढतो." दोघांच्याही बाजूनं टाळ्या पडल्या. आम्ही तिथं दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, पण हा वाद डोक्यातून गेला नाही. टीव्ही पूर्वी चांगला होता की आता चांगला आहे, हा प्रश्न शहरात विचारला की लोक मालिकांची नावं काढतात. गावात विचारला की प्रश्न वेगळा होतो. तिथं विचारावं लागतं, टीव्ही बोलतो कुणाशी?

जुन्याची बाजू आधी बघू. आपल्या देशात टीव्ही सुरुवातीपासून शेतकऱ्याशी बोलावा असं सरकारनंच ठरवलं होतं. दिल्ली केंद्रानं २६ जानेवारी १९६७ ला 'कृषिदर्शन' सुरू केलं ते दिल्लीभोवतालच्या ऐंशी गावांसाठी. त्या गावांत संच ठेवून दिले होते आणि लोक एकत्र बसून बघत. पुढं ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेकडून वापरायला मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २,४०० गावांना थेट कार्यक्रम दाखवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या सोलापूरच्या शिवेपलीकडचे विजापूर आणि गुलबर्गा हे जिल्हे होते. कोंबड्यांच्या खुराड्याला मारतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री, शाळेच्या नाहीतर पंचायतीच्या खोलीत संच, सकाळी पोरांसाठी आणि संध्याकाळी शेती-आरोग्याचे कार्यक्रम. वर्ष झालं, उपग्रह परत गेला, प्रयोग संपला.

आपल्याकडं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. १९७३ ला सिंहगडावरून पुण्याला दिसू लागलं. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र बराच काळ वाट बघावी लागली. १९८४ साली देशभर दिवसाला एक या वेगानं लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, तेव्हा कुठं तालुक्याच्या गावाला चित्र दिसायला लागलं. तेही अल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना लोखंडी पाइपावर चढवून आणि एकानं वर पाइप फिरवत, दुसऱ्यानं खालून "आलं, आलं, गेलं" असं ओरडत. टीव्हीला पोस्टात जाऊन लायसन काढावं लागे, तेही १९८५ पर्यंत होतंच.

या काळात मुंबई दूरदर्शनवर 'आमची माती आमची माणसं' लागायचं. ग्रामसभेतले आबा ज्याबद्दल बोलत होते ते हेच. त्यात झगमगाट कसला नव्हता. विद्यापीठाचे शास्त्रज्ञ समोर कागद ठेवून बोलत, मधे शेतातलं चित्रण दाखवत, शेतकरी स्वतः येऊन आपला अनुभव सांगत. सगळं बेताचंच. पण बोलणारा माणूस कोण, कुठल्या खात्याचा, हे कळायचं. राहुरीच्या विद्यापीठातला माणूस चुकीचं बोलला तर राहुरीला जाऊन त्याला विचारता येत होतं. आणि कार्यक्रम मराठीत होता, संध्याकाळी होता, म्हणजे माणूस रानातून घरी आल्यावर होता. एवढ्या तीन गोष्टी सांभाळणारा शेतीचा कार्यक्रम आज कुठल्या खासगी वाहिनीवर सलग वर्षभर दिसतो, ते वाचकांनी आठवून बघावं.

आता जुन्याची वाईट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आबा खूश होतील आणि खरं राहून जाईल. त्या कार्यक्रमांत 'प्रति हेक्टरी इतके किलो' असं सांगत. ऐकणारा एकरात आणि गुंठ्यात विचार करायचा. खत, फवारणी, संकरित बी यांचा मारा भरपूर; भाव पडल्यावर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही. बातम्यांत मंत्र्यांची उद्घाटनं ओळीनं. सरकारी टीव्ही सरकारला अडचणीत आणणारा प्रश्न विचारत नव्हता, आणि दुसरा टीव्हीच नव्हता. आणि तो पंचायतीचा संच 'सगळ्या गावाचा' होता म्हणतात, तर तेही पूर्ण खरं नाही. सतरंजीवर कोण बसायचं, ओट्याच्या खाली कोण उभं राहायचं, हे त्या वेळी न सांगता ठरलेलं होतं. बायका तर दाराच्या बाहेरून, तेही १९८७-८८ ला रविवारी रामायण लागायचं तेवढ्यापुरत्या. शिवाय किल्ली ज्याच्याकडं असेल त्याची मर्जी. नव्वदीत केबल आली, स्वतःचा संच घरात आला, तेव्हा वस्तीवरचा माणूस पहिल्यांदा आपल्या घरात, आपल्या खाटेवर बसून टीव्ही बघू लागला. ही सुधारणा लहान नाही. जुना टीव्ही आठवून गहिवरणाऱ्यांत ओट्याखाली उभं राहिलेले फारसे दिसत नाहीत.

मग बिघडलं कुठं? आमच्या मते गोष्ट पैशाची आहे आणि मोजणीची. १९९२ ला झी आला, पाठोपाठ इतर वाहिन्या आल्या, आणि टीव्ही जाहिरातीवर चालू लागला. जाहिरातवाला विचारतो, बघतंय कोण? ते मोजायला निवडक घरांत यंत्रं बसवतात. आता गंमत बघा. ही यंत्रं वर्षानुवर्षं मुख्यतः शहरांतल्याच घरांत होती. खेड्यातल्या घरांची मोजणी धरून आकडे बाहेर येऊ लागले ते ऑक्टोबर २०१५ पासून, म्हणजे खासगी वाहिन्या सुरू होऊन तेवीस वर्षं झाल्यावर. तोवर आपण बघत होतो, पण हिशेबात नव्हतो. ज्याची मोजणी नाही त्याच्यासाठी कार्यक्रम कोण करणार? गावाची मोजणी सुरू झाल्यावर हिंदीतल्या फुकट वाहिन्या एकदम वर आल्या. वाहिनीवाल्यांना कळलं की गावात माणसं राहतात आणि तीही साबण विकत घेतात. पण कळलं ते साबणापुरतंच. जुन्या मालिका गावासाठी पुन्हा लावल्या. गावाचा प्रश्न काही लावला नाही.

याचा पुरावा म्हणून कांदा घ्या. सोलापूर बाजार समितीत हिवाळ्यात कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, हे सांगायला नको. ८ डिसेंबर २०२३ ला, म्हणजे ऐन आवकेत, केंद्रानं निर्यात बंद केली. त्या आठवड्यात टीव्हीवर काय दिसलं? रास्ता रोको, रस्त्यावर ओतलेला कांदा, आणि रात्री चौघाजणांची एकमेकांवर ओरडाओरड. ज्याच्या वखारीत, ज्याच्या ट्रॉलीत माल होता त्याला वेगळंच पाहिजे होतं. आदेशात सूट कुणाला आहे, बंदी किती दिवस, आज काढावा की थांबावा. मधल्या काळात काही देशांना ठरावीक कोट्यानं सरकारी संस्थेमार्फत कांदा जात होता, तो कुणाकडून खरेदी होत होता, हे पडद्यावर किती वेळ चाललं? ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनामागं ५५० डॉलरचा किमान भाव आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर आपल्या भागातला बहुतेक माल विकून झाला होता आणि टीव्हीवर निवडणूक चालू होती. भाव चढला की कॅमेरा शहरातल्या भाजीबाजारात, पिशवी घेतलेल्या ताईंपुढं. भाव पडला की रस्त्यावरच्या ढिगापुढं. या दोन्हीच्या मधला जो हिशेब आहे, काढणी, गोणी, हमाली, तोलाई, भाडं, तो दाखवायला वेळ नसतो.

तरीही एक बाजू मान्य केली पाहिजे. सरकारी टीव्ही एकटा असता तर तो ओतलेला कांदासुद्धा दिसला नसता. गारपीट झाली, पंचनामा रखडला, तर आज बातमीदार बांधावर येतो आणि दुसऱ्या दिवशी तहसीलदारांचा फोन वाजतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय. मालिकांतही फरक आहे. पूर्वी मराठी पडद्यावर खेडवळ बोलणारा माणूस म्हणजे हमखास हसायचा विषय. २०१६ ला 'तुझ्यात जीव रंगला', २०१७ ला 'लागिरं झालं जी' आलं, आणि कोल्हापूरची, साताऱ्याची बोली नायकाच्या तोंडी बसली. हा मान मोठा आहे. फक्त त्या मालिकांतल्या घरांत सोसायटीचं कर्ज कधी थकत नाही आणि डीपी जळाला म्हणून कुणाचा ऊस वाळत नाही, एवढंच.

सरकारनं २६ मे २०१५ ला शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र वाहिनी काढली, डीडी किसान. चोवीस तास शेती, पण बहुतेक सगळं हिंदीत. गव्हाचं, धानाचं बघायचं असेल तर ठीक; आपल्या मालदांडी ज्वारीनं आणि डाळिंबानं काय करावं? बरोबर नऊ वर्षांनी, २६ मे २०२४ ला, या वाहिनीनं दोन नवे निवेदक आणले, कृष आणि भूमी. दोघंही संगणकानं तयार केलेले. पन्नास भाषांत बोलू शकतात म्हणे. यंत्राला आमचा विरोध नाही, ट्रॅक्टर आला तेव्हाही बैल रडला नव्हता. पण एक कार्यक्रम होता ज्याच्या नावात माती होती आणि माणसं होती; आता नावात भूमी आहे आणि माणूसच नाही, हे जरा लक्षात आलं ते सांगितलं.

मागच्या बाकावरचा पोरगा म्हणाला तसं मोबाईलवर सगळं मिळतं, हेही खरं. मराठी शेतकऱ्यांचे चांगले व्हिडिओ आहेत, काही तर विद्यापीठापेक्षा सोप्या भाषेत. पण त्याच मोबाईलवर 'हे मारा, तेलकट डाग आठ दिवसांत गायब' म्हणणाराही भेटतो, आणि तो औषधाच्या दुकानाचा पगारी माणूस आहे की काय हे कळायला मार्ग नाही. फवारणी वाया गेली तर त्याचा पत्ता कुठला? सोलापूरला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तिथं दार ठोठावता येतं. किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट नंबर २००४ पासून आहे, सकाळी सहा ते रात्री दहा, मराठीत. तो नंबर किती जणांना पाठ आहे असं ग्रामसभेत विचारलं तर दोन हात वर झाले. त्यातले एक भाऊसाहेब.

म्हणून जुना टीव्ही की नवा, या भांडणापेक्षा आम्हाला त्याहून जुनी एक गोष्ट सांगावीशी वाटली. टीव्हीची नव्हे, रेडिओची. १९५६ साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रवण मंडळं केली. दर गावात वीसेक माणसं. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम, सलग दहा आठवडे. ऐकून झालं की लगेच उठायचं नाही. चर्चा करायची, पटलं नाही ते लिहून आकाशवाणीला पाठवायचं. पुढच्या कार्यक्रमात त्याला उत्तर येई. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं तपासणी केली, तेव्हा ज्या गावांत बसून चर्चा झाली तिथल्या लोकांना नुसतं ऐकणाऱ्या गावांपेक्षा पुष्कळ जास्त कळलं होतं, असं दिसलं. उलट विचारण्याची सोय होती, फरक तेवढाच. ती सोय पंचायतीच्या संचापुढं थोडी उरली होती, निदान शेजारच्याला तरी विचारता येत होतं. घरोघरी पडदे झाले आणि तीही गेली. वाहिन्यांनी ती काढून घेतली असं म्हणता येत नाही. आपण झडपा लावून कुलूप घातलं.

ग्रामसभेत उपसरपंचबाईंनी एक सूचना मांडली. नव्या कार्यालयात सभेसाठी पडदा येणारच आहे, तर आठवड्यातून एक संध्याकाळ शेतीचा एक व्हिडिओ सगळ्यांनी मिळून बघावा, कृषी खात्याचा माणूस बोलवावा, शंका तिथंच विचाराव्यात, आणि खाली सतरंजी न घालता सगळ्यांना खुर्च्या असाव्यात. आबांनी मान हलवली. मागच्या पोरानं विचारलं, "वायफाय असणार का?" सूचना पुढील सभेत विचारार्थ ठेवली, अशी नोंद झाली.

टीव्ही दोनशे दहा रुपयांना गेला. भाऊसाहेबांनी रीतसर पावती फाडली. कपाट मात्र दप्तर ठेवायला ठेवून घेतलंय.