शेवटच्या गाडीच्या वेगाने चला : घाटात आणि किनाऱ्यावर निघणाऱ्या बायकर ग्रुपांना आवाहन

येत्या शनिवारी पहाटे चांदणी चौकात जमणाऱ्या प्रत्येक बायकर ग्रुपला, आणि त्याहून जास्त त्या ग्रुपच्या ॲडमिनला, कळकळीची विनंती आहे. ‘पाचला भेटू, दिवेआगरला जेवू’ एवढ्यावर निघू नका. पुढे कोण राहणार, शेवटी कोण, थांबायचं कुठे आणि मागे फिरायचं कुठून, हे शुक्रवारी रात्रीच पक्कं करा. तेवढं जमलं नसेल तर राईड आठवडाभर पुढे ढकला. ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली, आंबोली कुठेही पळून जात नाहीत.

पाऊस सुरू झाला की याच रस्त्यांवर तरुण मुलं जायबंदी होतात, काही परत येत नाहीत. यातले बरेच अपघात दरडीने किंवा पुराने होत नाहीत. ग्रुप गाठण्याच्या घाईत होतात, आणि ती घाई आपणच लावलेली असते.

ती कशी लागते ते सांगतो. पुढची गाडी वळणातून बाहेर पडली की वेग घेते, तेव्हा शेवटची अजून वळणात शिरलेलीही नसते. प्रत्येक वळणाला ग्रुप रबरासारखा ताणला जातो आणि ते अंतर भरून काढायला मागच्याला पुढच्यापेक्षा जोरात चालवावं लागतं. पुढचा पन्नासने आरामात चाललेला असतो, शेवटचा सत्तरने ओल्या वळणात घुसतो. आणि शेवटी कोण असतो? नवी गाडी घेतलेला, घाटात पहिल्यांदाच आलेला, मागे बहिणीला किंवा मैत्रिणीला बसवलेला मुलगा. अनुभवी मंडळी पुढे निघून गेलेली असतात. तो एकटा पडतो, त्याला लाज वाटते, आणि तो ॲक्सिलरेटर पिळतो.

म्हणून सगळ्यात कच्चा चालवणारा लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे राहणाऱ्याच्या, लगेच मागे ठेवा. लीडने आरशात त्याच्याकडे बघूनच वेग ठरवावा. शेवटी स्वीप म्हणून ग्रुपमधला सगळ्यात जाणता राईडर ठेवा, ज्याच्याकडे पंक्चरचं सामान आणि प्रथमोपचाराची पेटी आहे आणि ज्याला कुणाच्याही पुढे जायची हौस नाही. त्याच्या मागे कुणी राहायचं नाही, लीडला ओलांडून कुणी पुढे जायचं नाही. वीस गाड्यांचा एक ग्रुप नेऊच नका. पाच-सहांचे तुकडे करा, प्रत्येकाला आपला लीड आणि आपला स्वीप द्या, आणि दहा-दहा मिनिटांच्या अंतराने सोडा. सरळ रस्त्यावर एक गाडी डावीकडे, पुढची जराशी उजवीकडे अशी चाल ठीक आहे. घाट लागला की सगळ्यांनी एकामागोमाग यायचं आणि आपल्याच बाजूला राहायचं. अरुंद घाटात चढणाऱ्या गाडीला वाट देणं हा नियम आहे. उतरताना तुम्ही थांबायचं असतं. आणि उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडून देण्याचा प्रकार कृपा करून बंद करा. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडी धरून ठेवतं; नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ते तापून ऐन वेळी दगा देतात.

ताम्हिणीत मोबाइलला रेंजचा भरवसा नाही, म्हणून ‘पोहोचलास की फोन कर’ ही योजना होत नाही. थांबे घाटाच्या बाहेर ठरवा: पौड सोडताना एक, घाट उतरून विळ्याला दुसरा, माणगावला तिसरा. जिथे रस्ता फुटतो तिथे त्या कच्च्या राईडरच्या मागच्याने थांबून राहायचं, स्वीप आला की मगच निघायचं. अशाने कुणी चुकत नाही आणि कुणाला धावत गाठावंही लागत नाही.

धबधब्यापाशी वळणावर गाड्या लावून फोटो काढणं हा ताम्हिणीतला आता रोजचा प्रकार झाला आहे. पंधरा गाड्या अर्धा रस्ता खातात, पोरं पाठ करून सेल्फी घेतात, आणि धुक्यातून दिवे लावून, हॉर्न वाजवत एसटी येते. त्या ड्रायव्हरला डावीकडे कडा आणि उजवीकडे तुम्ही. त्याने काय करावं? फोटो हवा असेल तर रुंद, सरळ जागा बघा आणि गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घ्या. धबधब्याचं पांढरं पाणी अचानक लाल-गढूळ झालं, वरून बारीक दगड-माती सुटायला लागली, झाडं किंवा विजेचे खांब कलल्यासारखे दिसले, तर फोटो सोडा आणि तिथून ताबडतोब निघा. डोंगर सुटायच्या आधी अशा खुणा देतो.

आता मागे फिरण्याविषयी. माझ्या मते सगळ्या नियोजनात हा भाग सगळ्यात जास्त राहून जातो. पावसाळ्यात वरंधा घाट वाहतुकीला बंद करण्याचे आदेश निघतात, आणि आपल्यातले काहीजण बॅरिकेडच्या बाजूने बाइक काढतात. ‘मोटरला बंद आहे, आपल्याला कोण अडवतंय?’ दरड गाडी बघून पडत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला, आणि दोन एसटी बस माणसांसकट वाहून गेल्या. अंधारात त्या ड्रायव्हरांना पुढे पूल नाही हे कळायची सोयच नव्हती. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चौघांचा जीव गेला. त्या अरुंद पुलावर रविवारची गर्दी होती आणि तिच्यात दुचाकीही शिरलेल्या होत्या. हे दोन्ही पूल आपल्याच राईडच्या टापूतले आहेत.

तेव्हा घरीच ठरवा: दुपारी अमुक वाजेपर्यंत अमुक ठिकाणी पोहोचलो नाही तर तिथूनच परत. हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर घाटाचा बेत रद्द, त्यावर चर्चा नाही. पुलावरून किंवा मोरीवरून पाणी जात असेल, घोट्याएवढं का असेना, गाडी घालायची नाही. आणि ‘मला भीती वाटतेय, परत जाऊ’ असं ग्रुपमधल्या एकाने जरी म्हटलं तरी सगळ्यांनी थांबायचं, त्याची थट्टा करायची नाही. थट्टेच्या धाकाने गप्प बसलेला राईडर हा ग्रुपमधला सगळ्यात मोठा धोका आहे.

किनाऱ्याची गोष्ट वेगळी. हरिहरेश्वरहून बागमांडल्याला जाऊन फेरीबोटीने वेश्वीला उतरायचं, पुढे बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै. याहून सुंदर रस्ता मला माहीत नाही. पण समुद्र खवळला की फेरीबोट बंद ठेवतात, आणि मग आंबेतवरून मोठा वळसा पडतो. निघण्याआधी मुक्कामाच्या घरी फोन करून फेरीची आणि पुलांची चौकशी करा. बोटीच्या ओल्या लोखंडी फळीवर पुढचा ब्रेक दाबू नका, आत गेल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवा आणि तिच्यापाशीच उभे राहा. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर भरतीच्या वेळी उतरू नका. तिथल्या लाटांनी खडकावरून माणसं ओढून नेली आहेत. वाळूवर गाडी घालू नका. वेळास, आंजर्ल्याच्या पुळणीत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि गावकरी रात्री जागून ती जपतात. ज्येष्ठ-आषाढात लावणीचे दिवस असतात, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरचा चिखल वळणावर पडलेला असतो. जांभ्याचा तो लाल चिखल ओला झाला की साबणाइतका निसरडा. वाड्यांमधून जाणारा रस्ता एका गाडीपुरता आणि दोन्ही बाजूंना अंगणं. तिथे फटाके फोडणारे सायलेन्सर घेऊन जाऊ नका. म्हातारी माणसं झोपलेली असतात, पोरं शाळेत चाललेली असतात.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. रात्री गुरं रस्त्यावर बसतात आणि महामार्गावरची वळवणं दिसत नाहीत.

हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही कायद्याने सक्तीचं आहे, आयएसआयचं आणि पट्टा लावलेलं. अपघात झालाच तर आधी मागून येणाऱ्या गाड्या अडवा, मग १०८ किंवा ११२. श्वास नीट चालू असेल तर जखमीचं हेल्मेट ओढून काढू नका, मान हलवू नका. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागत नाही, मोटर वाहन कायद्यात त्याला संरक्षण आहे. पैशांसाठीही थांबू नका. अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे उपचार रोख न भरता मिळण्याची केंद्राची योजना मे २०२५ पासून लागू आहे.

घाटातल्या आणि किनाऱ्यावरच्या गावांना, घरगुती मुक्काम देणाऱ्यांना आणि टपरीवाल्यांनाही विनंती आहे. पुढचा रस्ता, पूल, फेरी यांची खबर या मुलांना न विचारताच द्या, आणि उशीर झाला असेल तर हक्काने थांबवून घ्या. आईवडिलांनो, मुलगा निघताना ग्रुपमधल्या दोघांचे फोन नंबर, परतीची वाट आणि मुक्कामाचं ठिकाण लिहून घ्या.

आणि ॲडमिन, शुक्रवारी रात्री प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा एक नंबर असलेली यादी कागदावर करा. एक प्रत लीडकडे, एक स्वीपकडे. टायरचे फोटो मागवा. ज्याचा टायर गुळगुळीत झालाय त्याला या वेळी येऊ देऊ नका, तो कितीही जवळचा मित्र असला तरी.