जर्नल भरले, हात कोरेच

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच दृश्य. मुलगी रात्र जागून मैत्रिणीच्या जर्नलमधून आकृत्या उतरवत असते आणि आपण कौतुकाने तिला चहा करून देतो. ‘प्रयोग स्वतः केलास का गं?’ हे मात्र विचारत नाही. मग फिजिक्सला उत्तम मार्क मिळवणारीला इस्त्रीच्या प्लगची सुटलेली वायर जोडता येत नाही, अन् कॉमर्सवाली बँकेत स्लिप भरताना बाबांच्या तोंडाकडे बघते!

हाताने शिकणे आपल्याला नवे नाही. १९३७ साली वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात मुले वेल्डिंग, बांधकाम, शेती करत शिकतात. तो सुरू झाला १९८३ मध्ये. २०२०च्या शैक्षणिक धोरणानेही व्यवसाय शिक्षणाचा आग्रह धरला. पण अकरावीला कुणी व्यवसाय अभ्यासक्रम घेतला की ‘मार्क कमी पडले वाटतं?’ असे विचारणाऱ्या बहुतेक आपणच बायका. मीसुद्धा विचारलंय.

पुढच्या पालकसभेत टक्क्यांबरोबर एवढेही विचारू या : प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा उघडते?