पडलेलं विमान

मे महिन्याची सुट्टी आली की सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर शिबिरांची पत्रकं लागतात. मातीकाम, ओरिगामी, वैदिक गणित आणि बऱ्याचदा 'विमान बनवा'. या सगळ्यांत विमानाचं शिबिर मला मनापासून आवडतं. पण ते बहुतेक ठिकाणी ज्या पद्धतीनं घेतात, ती मात्र मला पटत नाही. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

पद्धत साधारण अशी. पैसे भरायचे, कापलेले भाग असलेलं किट घ्यायचं, दोन तास चिकटवाचिकटवी करायची. शेजारी बसलेले बाबा "थांब, वाकडं होतंय" म्हणत हळूहळू सगळंच स्वतःच्या हातात घेतात. उडवायला शेवटची दहा मिनिटं. ज्याचं लांब गेलं त्याला बक्षीस, बाकीच्यांना प्रमाणपत्र, मग फोटो. ज्याचं विमान पहिल्याच फेकीत नाकावर आपटलं, ते मूल गुपचूप विमान पिशवीत घालतं. शिबिर संपलं.

माझं म्हणणं असं, की खरं शिबिर त्या पहिल्या आपटण्यानंतर सुरू होतं. आणि आपण ते नेमकं तिथंच संपवतो.

मी मराठी आणि इतिहास शिकवत होते, विज्ञान नव्हे. त्यामुळे राइट बंधूंच्या गोष्टीत मला १७ डिसेंबर १९०३ च्या त्या १२ सेकंदांपेक्षा आधीच्या वर्षांचं अप्रूप जास्त. १८७८ साली वडिलांनी त्यांना एक उडतं खेळणं आणून दिलं. बूच, बांबू, कागद आणि पीळ दिलेलं रबर, एवढंच त्यात होतं. मूळ कल्पना अल्फोन्स पेनो या फ्रेंच माणसाची. खेळणं मोडल्यावर पोरांनी तसलीच स्वतः बनवली. लहान होती ती उडाली, पण खूप मोठं करायला गेल्यावर ते नीट उडेना. पुढं १९०१ साली त्यांच्या मोठ्या ग्लायडरनं अशीच निराशा केली. तेव्हा त्यांनी वाऱ्याचा बोगदा तयार करून पंखांचे सुमारे २०० आकार तपासले. म्हणजे १२ सेकंद उडण्याआधी कितीतरी वर्षं ही माणसं 'हे का उडत नाही' एवढंच विचारत होती. मुलांना आपण शेवटचे १२ सेकंद सांगतो आणि हा प्रश्न गाळतो.

शाळेत मी याचा दुसरा अवतार पाहिलाय. स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावर विज्ञानाच्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा असायचा. चाळीस वह्यांत चाळीस सारखी उत्तरं! निरीक्षण आधी लिहून झालेलं, प्रयोग नंतर, कधीकधी तर झालेलाच नाही. मुलं लबाड नव्हती हो. चुकलेल्या आकड्याला गुण नाहीत, हे ती बरोबर ओळखून होती. विमानाचं मला कौतुक वाटतं ते यासाठी. त्याच्यापुढं शेजाऱ्याची वही चालत नाही. ते पडायचं तर पडतंच, पण रागावत नाही, गुण कापत नाही आणि लगेच पुन्हा फेकता येतं.

गेल्या मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही असा एक दिवस केला. तिसरी ते आठवीची २२ मुलं होती. किट नाही. धडाला खराट्याच्या काड्यांची जुडी, पंख आणि शेपटाला जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद, चिकटवायला फेव्हिकॉल आणि दोरा. नाकाशी वजन म्हणून कणकेची गोळी! आदल्या दिवशी आम्ही तिघी-चौघींनी स्वतः करून, पाडून पाहिलं होतं. बनवायला दीड तास दिला आणि उडवायला अडीच तास. हॉलचे पंखे बंद केल्यानं सगळे घामाघूम झाले, पण त्याला इलाज नव्हता. एवढंसं विमान पंख्याच्या वाऱ्यातही भरकटतं.

मुलांना आधी फक्त एक गोष्ट दाखवली. पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण एक तृतीयांश अंतरावर, दोन्हीकडून बोटाची टोकं लावून विमान उचलायचं. ते आडवं, समतोल राहिलं पाहिजे. बाकीचं विमानानंच सांगितलं. नाक वर करून थबकलं आणि धपकन खाली आलं, तर कणीक वाढवा. सरळ नाकावर गेलं तर कणीक काढा, किंवा शेपटाची मागची कड किंचित वर वळवा. एका बाजूला वळत राहिलं तर पंख पिळला गेलाय का बघा. पंखांची टोकं थोडी वर उचललेली असली की विमान स्वतःला सावरतं. आणि एका फेरीत बदल एकच, नाहीतर कशामुळे सुधारलं ते कळत नाही.

मोठ्यांसाठी नियम दोन. कटर मोठ्यांच्या हातात, विमान मुलांच्या. आणि उत्तर सांगायचं नाही, "पडलं कसं?" एवढंच विचारायचं. हा दुसरा नियम आयांना फार जड गेला. पण चौथीतली एक मुलगी अकराव्या फेकीनंतर मला म्हणाली, "आजी, ते पडत नाहीये, ते आधी वर जातंय आणि मग पडतंय." कणीक कुठं लावायची ते तिला सांगावं लागलं नाही.

बक्षीस न ठेवल्याबद्दल काही पालक नाराज होते. स्पर्धेशिवाय मुलांना हुरूप येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी ते उडवून लावत नाही. चुरस मुलांना आवडतेच. पण बक्षीस सगळ्यात लांब गेलेल्या विमानाला असलं, की मूल आपलं विमान दुरुस्त करायच्या आधी दुसऱ्याचं बघतं आणि बाबांना हाक मारतं. चुरस हवीच असेल तर स्वतःच्याच पहिल्या फेकीशी लावा. जमिनीवर खडूनं खूण करायची, बस.

आणखी एक मुद्दा खर्चाचा. आमच्या अख्ख्या दिवसाला चारशे रुपये लागले. त्यामुळे वॉचमनची दोन्ही मुलं आणि घरकामाला येणाऱ्या बायकांची मुलं "जमेल का तुम्हाला?" असं न विचारता आली. किटची फी असती तर ती खिडकीतून बघत उभी राहिली असती. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून वर्षानुवर्षं हेच दाखवून दिलं. विज्ञान शिकायला दुकानात जावं लागत नाही.

यातून कुणी वैमानिक होईल, असा माझा दावा नाही. व्हायलाही नको. पण आपलं पडलेलं काम स्वतः उचलायचं, नीट बघायचं, एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा फेकायचं, हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी जमलं, त्याला पुढं नापास झाल्यावर, नोकरी गेल्यावर निदान सुरुवात कुठून करायची ते माहीत असतं. आम्ही शाळेत हे पुरेसं शिकवत नाही. सुट्टीच्या एका दिवसात जमत असेल तर शिकवावं. कणीक प्रत्येकाच्या घरात असतेच.

बघा पटतंय का.