नकाशा भिंत सावरत नाही

‘आपल्याकडे कुठे भूकंप होतो?’ गोंदिया शहरालगतच्या मुर्रीत किंवा पूर्व विदर्भातील कोणत्याही गावात घर बांधणाऱ्याला विचारा, हेच उत्तर मिळेल. किल्लारीतही हेच मिळाले असते. ३० सप्टेंबर १९९३ पर्यंत तो परिसर सरकारी नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन करून निजलेली गावे पहाटे चारच्या सुमारास ढिगाऱ्याखाली गेली. सुमारे ८,००० माणसे दगावली. पुढे २००२ मध्ये तो पहिला विभागच रद्द झाला. शहाणपण आले, पण सरणाच्या उजेडात!

तेवढ्या तीव्रतेचे धक्के जपान वरचेवर सोसतो. किल्लारीत मारले ते भिंतींनी. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती. आतला थर वेगळा, बाहेरचा वेगळा, दोहोंना बांधणारा आरपार दगड नाही. वर माळवदाची माती. जमीन हलताच थर फाकले आणि ते सारे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले.

आमच्याकडे माळवद नाही, कवेलू हलकी, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण कवेलू आता उतरत आहेत आणि स्लॅब चढत आहेत. सिमेंटची इमारत म्हणजे भक्कम, हा भ्रम २६ जानेवारी २००१ रोजी अहमदाबादेत फुटला. भूकंपाचे केंद्र भूजजवळ, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. तरी बहुमजली इमारती कोसळल्या. कित्येकींच्या तळमजल्यावर वाहनांसाठी भिंतीविना मोकळी जागा होती. वरचे मजले भिंतींनी ताठ, खाली नुसते खांब. सारा हिसका त्यांच्यावर. खांबातील उभ्या सळयांना कवळणाऱ्या रिंगांची टोके नीट आत वळवलेली नसली, की रिंगा उघडतात, काँक्रीट फुटते, सळया वाकतात. मी कला शाखेचा पदवीधर, हे गणित मला येत नाही. पण ज्यांना येते त्यांना ते करू कोण देत नाही, हे पत्रकाराला दिसते.

आणि आमच्यापासून जबलपूर किती दूर? सरळ रेषेत दोनशे किलोमीटरही नाही. तेथे २२ मे १९९७ च्या भूकंपाने सुमारे ४० बळी घेतले. तो भूजच्या मानाने पुष्कळ लहान होता, हे मान्य. पण पुढचाही लहानच असेल, असे नर्मदेने कोणाला लिहून दिले आहे काय?

अभियंत्याचा हात लागला की काय होते, ते कोयनेने ११ डिसेंबर १९६७ रोजी दाखवले. धरणाला तडे गेले, पण ते उभे राहिले. कोयनानगरची घरे पडली.

किल्लारी असो वा भूज, मदतीला धावणाऱ्या हातांची या समाजात कधी वाण पडली नाही. मग ढिगारा उपसण्यात इतका तत्पर असलेला समाज ढिगारा होऊ न देण्याबाबत इतका उदासीन का? वास्तुशांतीचा मुहूर्त चौघांना विचारून ठरतो. खांबाची सळई मात्र ठेकेदाराच्या मर्जीवर!

मुर्रीच्या ग्रामपंचायतीने अभियंत्याच्या कागदी सहीवर समाधान मानू नये. काँक्रीट ओतण्यापूर्वी बांधलेली सळई जागेवर तपासली गेली पाहिजे. विटांच्या घरात दारे-खिडक्यांच्या वर, चारही भिंतींभोवती काँक्रीटची सलग पट्टी हवीच. सुरुवात शाळेच्या इमारतीपासून करावी. तेथे दिवसभर मुले बसलेली असतात.