ही शंखपुष्पीच ना?

गेल्या पावसाळ्यात एक माता आपल्या दहावीतील मुलास घेऊन आमच्या चिकित्सालयात आल्या. ओल्या रुमालात गुंडाळलेली निळ्या फुलांची एक फांदी त्यांनी मेजावर ठेवली आणि विचारले, "वैद्यबुवा, घर घेतलं तेव्हापासून ही परसात आहे. कोणी लावली ठाऊक नाही. ही शंखपुष्पीच ना? मोबाईलही तसंच काहीतरी सांगतोय." बाहेर रुग्ण ताटकळत होते. आम्ही निळा रंग पाहिला, लवदार पान पाहिले आणि "हो" म्हणून मोकळे झालो. मुलाची परीक्षा जवळ आलेली. दुसऱ्या दिवसापासून पंचांगाचा कल्क दुधातून सुरू झाला.

पंधरा दिवसांनी त्यांच्या सासऱ्यांस तपासण्यासाठी आम्हांस त्या घरी जावे लागले आणि परसातील ते झाड मुळासकट दृष्टीस पडले. जमिनीलगत पसरणारी विष्णुक्रांता ती नव्हेच. वीतभर उंचीचे भरगच्च झुडूप, फांद्यांच्या टोकांशी दाटीने आलेली, रुपयाच्या नाण्याएवढी निळी फुले. रोपवाटिकांतून कुंडीत व वाफ्याच्या कडेला लावण्यासाठी विकले जाणारे, मूळचे दक्षिण अमेरिकेतील इव्हॉल्व्ह्युलस ग्लोमेरेटस या जातीचे ते शोभेचे झाड होते. आम्ही तेथल्या तेथे कल्क बंद करविला व आपली चूक कबूल केली. मुलास काही अपाय झाल्याचे दिसले नाही. परंतु ज्या वनस्पतीच्या रसवीर्यविपाकाविषयी आमच्या संहिता व निघंटूंत एक अक्षर नाही, ती आम्ही आमच्या तोंडच्या एका शब्दाने त्याच्या पोटात घातली होती.

वंश एकच असल्यामुळे फूल फसवते. आपल्याकडील विष्णुक्रांता, म्हणजे इव्हॉल्व्ह्युलस अल्सिनॉइडिस, माळरानावर आणि अंगणाच्या कडेला पावसाळ्यात आपोआप उगवते. तिचे फूल करंगळीच्या नखाएवढे. पानाच्या बगलेतून निघालेल्या केसासारख्या बारीक, लांब देठावर एकटे किंवा जोडीने येते. ते सकाळी उमलते व दुपारपर्यंत मिटते. म्हणून संध्याकाळी आणलेल्या फांदीवरून निर्णय देण्याचे धाडस कोणी करू नये. फूल उघडून पाहिले तर कुक्षिवृंत दोन असून प्रत्येकाला पुन्हा दोन फाटे दिसतात. राजस्थान, गुजरातकडील कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिसचे (वनस्पतिशास्त्रज्ञ हल्ली हिला कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्रोस्ट्रेटस म्हणतात) फूल पांढरे वा फिकट गुलाबी असते, कुक्षिवृंत एकच असतो आणि त्याला दोन फाटे असतात. दहा रुपयांचे भिंग पुरते. बसून पाहण्याची सवय मात्र हवी.

खरी शंखपुष्पी कोणती, हा वाद येथे उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. भारतीय आयुर्वेदिक फार्माकोपियाने कॉन्व्हॉल्व्ह्युलस प्लुरिकॉलिस स्वीकारली आहे. केरळात गोकर्ण वापरतात, बंगालात कॅन्स्कोरा डिकसाटा. प्रत्येक परंपरेस आपला अनुभव आहे व तो आदरणीय आहे. आमचा आक्षेप आहे तो चारही वनस्पतींना एकाच नावाखाली गोणीत भरण्याला. चरकांनी मेध्य रसायनांत शंखपुष्पीला विशेष स्थान दिले, आणि वनस्पतीचे नाव व रूप गुराखी, मेंढपाळही जाणतात, तेवढ्याने वैद्य होत नाही, असेही बजावले. आज आपली अवस्था त्याहून उलटी झाली आहे. योग आपल्याला मुखोद्गत असतात, रूपासाठी मात्र आपण मोबाईलवरील छायाचित्रावर विसंबतो. छायाचित्रात मूळ नसते, देठाची लांबी कळत नाही, आणि फुलाच्या आकाराचा तर अंदाजच येत नाही.

नावाच्या साधर्म्याने काय होऊ शकते, हे बेल्जियममध्ये दिसले आहे. वजन कमी करण्याच्या उपचारांत एका चिनी वनौषधीऐवजी मिळत्याजुळत्या चिनी नावाची ॲरिस्टोलोकियाची जात वापरली गेली आणि अनेक स्त्रियांची वृक्के कायमची निकामी झाली. 1993 साली हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकांतून पुढे आले. त्या स्त्रियांना औषध देणाऱ्यांनीही पुडीवरील नाव वाचलेच होते.

औषधालयांच्या मालकांस आमची विनंती आहे, थोडी अडचणीची असली तरी. पंचांगाचा चुरा होऊन आलेला माल घेण्यापूर्वी व्यापाऱ्याकडून मूळ, पान, फूल व फळ असलेला अखंड नमुना मागावा आणि खरेदीच्या पावतीवर वनस्पतीचे शास्त्रीय नाव लिहून घ्यावे. व्यापारी कुरकुर करील, भाव थोडा चढवील. आमच्या अनुभवात, तीनदा मागितल्यावर तो देतोही.

वैद्यबंधूंसाठी काम याहून सोपे आहे. रुग्णाने परसातले अनोळखी फूल आणले तर त्याला सकाळच्या वेळी अख्खे रोप मुळासह आणावयास सांगावे. वर्तमानपत्राच्या घडीत दाबून, कागद रोज बदलून ते वाळवावे; गाव, दिनांक आणि ताज्या फुलाचा रंग त्याच क्षणी टिपून ठेवावा, कारण वाळताना निळा रंग उडतो. शंका उरली तर जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांस दाखवावे. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे. मुंबईत सेंट झेवियर महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे. आणि निर्णय होईपर्यंत रुग्णास "ठाऊक नाही, पाहून सांगतो" असे म्हणावे. हे वाक्य आमच्या पिढीला फार जड जाते, हे आम्ही स्वतःवरून सांगतो.

त्या माउलींनी पुढल्या आठवड्यात गावाबाहेरच्या माळावरून एक रोप खणून आणले, सकाळी आठ वाजता, मातीसकट. या वेळी आम्ही भिंग घेऊन बसलो. विष्णुक्रांताच होती. तिचा एक नमुना आता आमच्या खणात आहे, आणि त्याच्या शेजारी त्या शोभेच्या झुडपाचाही.