रात्री कुणाचे ऐकायचे?

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी आठ महिन्यांची पुतणी तीन दिवस सर्दीने बेजार होती. तिसऱ्या रात्री वहिनी म्हणाली, "हिचं पोट बघा कसं उडतंय, दूधही ओढत नाही." आईने ओव्याची पुरचुंडी शेकायला घेतली. दादा म्हणाला, "सकाळी बघू." आणि मी, समाजशास्त्राच्या टिपणांतून मान वर न करता, "वहिनी, तू उगाच घाबरतेस" असे बोलून मोकळा झालो. सकाळी डॉक्टरांनी पोरीचे झबले वर करून मिनिटभर तिची छाती नुसती पाहिली आणि म्हणाले, "चौसष्ट. न्यूमोनिया आहे. रात्रीच का नाही आणलं?" सहा दिवसांनी पोर घरी आली, हे आमचे नशीब.

डॉक्टरांच्या प्रश्नाला वहिनीने उत्तर दिले नाही. ते मला पुढे कळले. दोन महिन्यांपूर्वी ती पोरीला असेच रात्री एका दवाखान्यात घेऊन गेली होती, तेव्हा "एवढ्याशा तापाला झोपमोड करायला आलात?" असे तिला ऐकावे लागले होते. लवकर गेले तर बोलणी, उशिरा गेले तरी बोलणी. मग आईने करावे तरी काय?

मूल दवाखान्यात उशिरा पोचते ते अडाणीपणामुळे, असे आपण वर्गात सहज बोलून जातो. मला हे आता पटत नाही. आमच्या घरात तीन पदवीधर आहेत. जिने पाहिले तिला निर्णयाचा अधिकार नव्हता आणि ज्यांना अधिकार होता त्यांनी पाहिले नव्हते, एवढेच त्या रात्री घडले.

आणि पाहायचे ते तरी किती सोपे! मूल शांत असताना, रडत नसताना, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा जास्त, वर्षाच्या आतील मुलाचे पन्नास किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा जास्त भरले, तर डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल काहीच पीत नसेल, पोटात घेतलेले सगळे ओकत असेल, झटके आले असतील, हलवूनही नीट जागे होत नसेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी थांबायचे नाही. गाडी नसेल तर १०८ हा क्रमांक आहेच.

गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८८ साली गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना बालकांचा न्यूमोनिया ओळखून औषध द्यायला शिकवले. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधन बनवले. तिथले बालमृत्यू घटले, आणि तो निबंध १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जे सुईणीला जमले ते तृतीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्याला येत नाही! आम्हाला दुर्खीम येतो. (प्राध्यापकांनी राग मानू नये, दुर्खीम चांगलाच आहे.)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दरवर्षी एक रस्ता झाडतो. त्यातली एक दुपार श्वास मोजायला शिकण्यासाठी ठेवावी, आणि मुलांनी ती चुकवू नये. घरी "सकाळी बघू" म्हणणारे उद्या आपणच असणार आहोत. डॉक्टर मंडळींनाही एक विनंती आहे. रात्री विनाकारण आलेल्या आईला हसून परत पाठवा. तुम्ही तिला ओरडलात, तर पुढच्या वेळी कारण असतानाही ती येणार नाही.

दिवाळीत पोरीला पुन्हा ताप भरला. या वेळी दादा स्वतः घड्याळ घेऊन बसला. वहिनीने झबले वर केले. श्वास छत्तीस भरले, पोर पोटभर दूध प्यायली. तरी दादाने विचारले, "जायचं का?" वहिनी म्हणाली, "नको, आज नको." तो निर्णय तिचा होता.